जकातीची तारीख रमजान ठरवत नाही

पत्र : माझं माहेर खेडचं, सासर सोलापूरचं. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. माझे स्वतःचे पंधरा तोळ्यांचे दागिने आहेत, शिवाय वडील कुवेतला होते तेव्हा त्यांनी माझ्यासाठी घेतलेली दहा तोळ्यांची सोन्याची नाणी लॉकरमध्ये आहेत. बचत खातं आणि मुदत ठेव मिळून 2 लाख 85 हजार आहेत, त्यातले 17 हजार या वर्षीचं व्याज. या संपत्तीतून गरजूंसाठी दरवर्षी काढायच्या हिश्श्याबद्दल, म्हणजे जकातीबद्दल, घरात दोन मजहबांची (धर्मशास्त्राच्या परंपरांची) दोन मतं आहेत. आई म्हणते, ‘आपण शाफई, वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही.’ सासूबाई म्हणतात, ‘आम्ही हनफी, गुंजभर सोनंही सुटत नाही.’ माझे पती दरवर्षी रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री अंदाजाने काही रक्कम वाटतात. त्यात माझी जकात निघते का? भावाला उसने दिलेले 40 हजार परत येत नाहीत, ते माफ करून जकातीत धरू का? आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना जकात देता येते का?

उत्तर :

ताई, दागिन्यांवरून तुमच्या घरात वाद चालू आहे खरा, पण तुमच्या पत्रातली खरी अडचण ‘दरवर्षी सत्ताविसाव्या रात्री अंदाजाने’ या शब्दांत आहे. तिथूनच सुरुवात करू.

रमजानशी बांधलेला आहे तो फितरा, म्हणजे ईदआधी गरिबांना द्यायचं दान. जकातीचं तसं नाही. ज्या दिवशी तुमच्या मालकीची संपत्ती निसाबाएवढी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढी झाली, त्या दिवसापासून एक चांद्रवर्ष मोजायचं आणि ते पूर्ण झालं की जकात द्यायची. म्हणजे ही तारीख प्रत्येकाची वेगळी. तुमची वेगळी, पतींची वेगळी, सासूबाईंची वेगळी. रमजानमध्ये दिल्याने सवाब (पुण्य) वाढतो म्हणून लोक तो महिना धरतात, त्यात गैर काही नाही. पण ज्याचं वर्ष रज्जबमध्येच भरलं त्याने रमजानची वाट पाहत बसणं म्हणजे हकदारांचे पैसे दोन महिने अडवून ठेवणं. ऐपत असताना, देण्याची वेळ आलेली असताना केलेली अशी दिरंगाई दोन्ही मजहबांत गैर मानली जाते.

तुमची तारीख सापडणं अवघड नाही. सोनं लग्नात अंगावर आलं असेल तर निकाहाचा दिवस हाच तुमच्या वर्षाचा पहिला दिवस. बहुतेक निकाहनाम्यांवर हिजरी (इस्लामी चांद्र कालगणनेची) तारीख असते. नसेल तर इंग्रजी तारखेवरून काढता येते, एक-दोन दिवसांचा फरक पडला तरी चालतो. नाणी त्याआधीच तुमच्या नावे, तुमच्या ताब्यात आली असतील तर तारीख आणखी मागे जाईल. काहीच आठवत नसेल तर मनाला पटेल अशी एक हिजरी तारीख धरा, कागदावर लिहा आणि मग ती बदलू नका. हिजरी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, सुरू होतो, एवढं ध्यानात असू द्या.

ती तारीख रमजानवर आणायचीच असेल तर वाट एकच आहे, आणि ती मागे जाणारी आहे. समजा, तुमचं वर्ष जिल्कदमध्ये भरतं. मग त्याआधीच्या रमजानमध्ये दोन महिने आगाऊ जकात द्या आणि पुढे रमजानचीच तारीख चालू ठेवा. हातात निसाब असेल तर आगाऊ जकात हनफी आणि शाफई दोघांकडे चालते. वर्ष भरताना रक्कम जास्त निघाली तर फरक तेवढा घालायचा. पण वर्ष शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आदल्या महिन्यात, भरत असेल तर ते पुढे रमजानमध्ये ढकलता येत नाही. एकदा शाबानमध्ये वेळेवर द्या आणि पुढच्या वर्षाची जकात लगेच येणाऱ्या रमजानमध्ये आगाऊ द्या, म्हणजे ते वर्ष आपोआप आखूड होईल.

काही नोकरदार 31 मार्च धरतात. बँकेचं आणि आयकराचं सगळं तेव्हाच निघतं म्हणून. यात खोट अशी की चांद्रवर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असतं. रमजान आपल्याकडे 2024 साली 12 मार्चला सुरू झाला आणि 2025 साली 2 मार्चला, हाच तो फरक. इंग्रजी वर्षाने देत गेलात तर साधारण तेहतीस वर्षांत एक अख्खी जकात बुडते. इंग्रजी तारीखच सोयीची असेल तर जकातीच्या नेहमीच्या अडीच टक्क्यांऐवजी 2.577 टक्के काढतात. आमच्या मते हिजरी तारीखच सरळ. मोबाइलमध्ये हिजरी कॅलेंडर असतंच.

आता निसाब. सोन्याचा साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे, हे घराघरांत पाठ असतं, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. तुमच्या सोनाराचा आजचा तोळा 10 ग्रॅमचा. म्हणून सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम, म्हणजे आजचे पावणेनऊ तोळे. चांदीचा 612.36 ग्रॅम, म्हणजे आजचे सव्वाएकसष्ट तोळे. शाफई आणि अरब देशांतल्या हिशेबात 85 आणि 595 ग्रॅम हे आकडे दिसतील. नुसतं सोनंच असेल आणि दुसरं काही नसेल तर सोन्याचा निसाब पाहायचा. सोन्यासोबत थोडी रोकड, थोडी चांदी असेल तर हनफी सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडतात. त्यामुळे तीन तोळे सोनं आणि बँकेत थोडे पैसे असलेली बाईही साहिबे-निसाब, म्हणजे जकात लागू होणारी, ठरते, आणि हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. शाफई मजहबात सोनं आणि चांदी निसाबासाठी एकमेकांत मिळवत नाहीत. तुमच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण नुसती नाणीच 100 ग्रॅम आहेत.

दागिन्यांच्या वादात तुमच्या आईही बरोबर आहेत आणि सासूबाईही. वापरातल्या, बाईने घालण्याजोग्या दागिन्यांवर शाफई मजहबात जकात नाही. हनफी मजहबात सोनं-चांदी कुठल्याही रूपात असो, त्यावर जकात आहे. कोकणातले मुसलमान मुख्यतः शाफई आणि घाटावरचे हनफी, त्यामुळे खेड-सोलापूर अशी सोयरीक झाली की हा प्रश्न ठरलेलाच. लग्नाने मजहब बदलत नाही. तुम्ही शाफई असाल तर शाफई हिशेब करा, सासूबाईंना तो चुकीचा म्हणण्याचं कारण नाही.

पण आईंचं वाक्य अर्धंच आहे. सूट मिळते ती वापरासाठी असलेल्या आणि बेताच्या दागिन्यांना. नाणी, बिस्किटं, अडीनडीला विकू म्हणून ठेवलेलं सोनं, आणि रिवाजाबाहेर जाईल इतका अवाढव्य दागिना यांना शाफईंकडेही सूट नाही. लग्नकार्यात घालायचा हार एरवी लॉकरमध्ये असला तरी तो वापरातला धरतात. वडिलांनी दिलेली नाणी मात्र सरळ जकातीत येतात. गेली नऊ वर्षं ती ‘आपण शाफई’ या वाक्याखाली सुटून गेली असतील तर तो हिशेब उरला आहे.

मालकीचंही एकदा स्पष्ट करून घ्या. पंधरा तोळ्यांत सासरहून आलेले दागिने असतील तर ते महेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू) म्हणून किंवा भेट म्हणून तुमचे झाले, की सासूबाईंनी नुसते घालायला दिले? तुमचे असतील तर जकात तुमच्यावर. घालायला दिलेले असतील तर त्यांच्यावर. कित्येक घरांत या बोलून न ठेवलेल्या गोष्टीमुळे कुणीच जकात देत नाही.

दोन्ही हिशेब करून पाहू. भाव रोज बदलतो, म्हणून गणितापुरता 22 कॅरेटचा ग्रॅमला 10,000 आणि 24 कॅरेटचा 11,000 धरतो. तुम्ही तुमच्या तारखेचा भाव घाला. घडणावळ आणि जीएसटी त्यात धरायचा नाही, हिरे-खडेही नाहीत. खड्यांचं वजन सोनार वजा करून देतो.

हनफी हिशेब असा : दागिने 15,00,000, नाणी 11,00,000, बँकेतले व्याज वगळून 2,68,000, भावाकडचे 40,000. एकूण 29,08,000. तुम्ही क्रेडिट कार्डाचं किंवा आणखी काही देणं लिहिलेलं नाही. समजा 8,000 असेल तर ते वजा करून 29,00,000 राहतात. अडीच टक्क्यांनी 72,500 रुपये.

शाफई हिशेबात दागिने गळतात. नाणी 11,00,000, बँकेतले 2,68,000, भावाकडचे 40,000, मिळून 14,08,000. शाफईंच्या प्रबळ मतानुसार कर्जामुळे जकात कमी होत नाही, म्हणून ते 8,000 वजा करायचे नाहीत. जकात 35,200 रुपये.

एवढ्या फरकामुळे मोह होतो दागिने शाफई म्हणून सोडायचे आणि कर्ज हनफी म्हणून कापायचं. असं वेचून खाऊ नका. एक मजहब धरा आणि त्याचं सगळं धरा. वाद मिटवण्यासाठी स्वखुशीने दागिन्यांचीही जकात दिलीत तर उत्तमच, पण ते कुणी लादू नये.

वरच्या आकड्यांतून व्याज का काढलं, तर ते तुमची संपत्तीच मानलं जात नाही. ते सवाबाची नियत न करता गरजूला देऊन टाकायचं असतं आणि जकात म्हणून तर ते मुळीच खपवता येत नाही. भरलेला आयकरही जकातीत धरता येत नाही. शाळेत सक्तीने कापला जाणारा पीएफ आपल्याकडचे बहुतेक हनफी मुफ्ती (धर्मनिर्णय देणारे जाणकार) हातात येईपर्यंत धरत नाहीत. स्वखुशीने जास्त कापून घेत असाल तर त्या भागावर मतभेद आहेत, तो धरलेला बरा. राहतं घर, गाडी, फ्रीज यांवर काही नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर नाही, भाड्यातून तारखेला जे शिल्लक असेल त्यावर आहे. विकायच्याच इराद्याने घेतलेला फ्लॅट मात्र दुकानातल्या मालासारखा, पूर्ण बाजारभावाने धरायचा. घरकर्ज पतींच्या नावावर असेल तर ते त्यांच्या हिशेबात जाईल, आणि तिथेही वीस वर्षांचं अख्खं कर्ज एकदम कापू नये. देय झालेले, फार तर येत्या वर्षभराचे हप्ते कापावेत, असं आजच्या अनेक हनफी मुफ्तींचं मत आहे.

दर महिन्याच्या शिलकीचं वेगळं वर्ष मोजायचं का, हा प्रश्न पुढे येईलच. हनफींकडे नाही, तारखेला जे हातात असेल त्या सगळ्यावर एकदम. शाफईंकडे प्रत्येक नव्या पगाराच्या शिलकीचं वर्ष खरं तर वेगळं चालतं. ते कुणाला जमणार? सगळं एकाच तारखेला देऊन टाका, ज्याचं वर्ष भरायचं आहे त्याची आगाऊ दिली असं होतं.

पतींनी दिलेल्या रकमेत तुमची जकात निघते का? तुम्ही त्यांना ‘माझ्याही वतीने द्या’ असं सांगितलं असेल आणि त्यांनी त्या नियतीने दिलं असेल तर निघते. तुम्हाला कल्पनाच नसेल तर निघत नाही. जकात ज्याच्या मालकीची संपत्ती त्याच्यावर असते, नवऱ्यावर बायकोची नसते. त्यांनी भेट म्हणून रक्कम दिली किंवा तुमच्या संमतीने परस्पर भरली तरी चालतं, पण नियत आणि हिशेब तुमचा. शिवाय 35,200 निघत असताना अंदाजाने 10,000 वाटले तर 25,200 बाकी राहतात. अंदाज करायचाच तर जास्तीचा करावा. जास्त गेलं ते सदका, म्हणजे ऐच्छिक दान.

मागची थकबाकी माफ होत नाही. ती काढताना सोन्याचं काम वजनात करा, म्हणजे जुने भाव शोधावे लागत नाहीत. हनफी हिशेबात 250 ग्रॅम असेल तर पहिल्या वर्षी 6.25 ग्रॅम. ते वजा करून 243.75 उरतात, त्यांचे दुसऱ्या वर्षी 6.09. उरलेल्या 237.66 चे तिसऱ्या वर्षी 5.94. तीन वर्षांचे मिळून 18.28 ग्रॅम होतात, त्यांची आजच्या भावाने किंमत द्यायची. शाफई हिशेबात नुसत्या नाण्यांसाठी हेच करा, मात्र दरवर्षी कमी होत होत वजन 85 ग्रॅमच्या खाली आलं की त्यापुढच्या वर्षी सोन्यावर काही नाही. रोख शिलकीसाठी बँकेच्या पासबुकातली त्या त्या तारखेची रक्कम पाहा. तुमच्या संमतीने जेवढं दिलं गेलं असेल ते यातून वजा करा. एकरकमी झेपत नसेल तर हप्त्यांनी फेडा, पण लिहून ठेवा.

भावाला दिलेले 40 हजार नुसते माफ करून जकात होत नाही. जकातीत पैसा हकदाराच्या हातात, त्याच्या मालकीत जावा लागतो, आणि देताना नियत असावी लागते. उसने दिले तेव्हा नियत उसनवारीची होती. भाऊ खरोखर अडचणीत असेल, त्याच्याकडे निसाब नसेल, तर त्याला जकात देता येते. सख्ख्या नात्यात दिलेल्याला दुहेरी सवाब आहे, एक देण्याचा आणि एक नातं जपण्याचा. तेव्हा त्याच्या हातात रक्कम ठेवा. मग त्याने स्वतःहून जुनं देणं फेडलं तर ठीक, पण ‘परत दे’ या अटीवर देऊ नका. हे पैसे जकातीचे आहेत हे त्याला सांगणंही गरजेचं नाही. ईदी म्हणून द्या, मनात नियत ठेवा. भाऊ, बहीण, भाचे, पुतणे, काका, मावशी, सून, जावई यांना देता येते. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना नाही. त्यांना सांभाळणं तुमच्यावर तसंही आहेच. सय्यद, म्हणजे पैगंबरांच्या, घराण्यातल्यांना जकात देत नाहीत, त्यांना भेट द्यावी.

कुराणात सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ प्रकारचे हकदार दिले आहेत : फकीर, मिस्कीन (हे दोन्ही गरिबांचेच प्रकार), जकात गोळा करणारे, मन जोडायचे असे लोक, गुलामीतून सोडवायचे लोक, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेले प्रवासी. मशिदीची फरशी, मदरशाचा स्लॅब, कब्रस्तानची भिंत यात बसत नाही, कारण तिथे पैसा कुणा गरजूच्या मालकीत जात नाही. रमजानमध्ये पावतीपुस्तकं घेऊन येणाऱ्यांना एवढंच विचारा : जकातीचा पैसा वेगळा ठेवता का, आणि तो गरीब विद्यार्थ्यांच्या मालकीत कसा जातो? शिक्षकांच्या पगारासाठी, बांधकामासाठी वेगळा चंदा द्या. गोळा करणाऱ्याला टक्केवारी मिळत असेल तर तिथे जकात देऊ नये हेच बरं. इफ्तारीत लोकांना बसवून जेवू घातलं तर तेही जकातीत धरत नाहीत. शिध्याची पिशवी हातात दिली तर हनफींकडे चालते, पण किंमत त्या मालाची खरी बाजारातली धरायची, टेम्पोचं भाडं आणि पिशव्या आपल्या खिशातून.

खेडला आईंची आमराई असेल तर तेही थोडक्यात. शेतमालाला वर्ष मोजत नाहीत, पीक हाती आलं की द्यायचं : पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्याचा विसावा. शाफईंकडे हे साठवता येणाऱ्या धान्यांवर आणि फळांपैकी खजूर-द्राक्षांवर आहे, निसाब साधारण 653 किलो. त्यामुळे आंब्यावर नाही. आंबा विकून आलेला पैसा वर्षभर राहिला तर तो रोकड म्हणून धरायचा. इमाम अबू हनीफांच्या मताने फळांवरही उश्र, म्हणजे ही शेतमालाची जकात, आहे आणि त्याला निसाब नाही.

फितरा मात्र वेळेचा पक्का. शाफईंकडे तो रमजानच्या शेवटच्या दिवशी सूर्यास्ताला लागू होतो, हनफींकडे ईदच्या पहाटे. दोघांकडेही ईदच्या नमाजाआधी द्यावा, म्हणजे गरिबाच्या घरी त्या दिवशी चूल पेटते. नमाजानंतर देणं मकरूह (नापसंत), आणि दिवस उलटला तरी डोक्यावरून उतरत नाही. दोन-चार दिवस आधी दिला तर उत्तम. शाफईंकडे एक साअ (हे जुनं माप) धान्य, कोकणात तांदूळ, वजनाने साधारण अडीच ते तीन किलो, आणि नवरा बायकोचाही देतो. हनफींकडे गव्हाचा अर्धा साअ किंवा त्याची किंमत. त्याचं वजन कुणी 1.633 किलो सांगतात, कुणी 2 किलो 45 ग्रॅम, तुमच्या मशिदीत जे जाहीर होईल ते धरा. शाफईंकडे मुळात धान्यच द्यायचं, पैसे द्यायचे तर हनफी मतावर देतात. जकात लागू नसलेल्यालाही शाफईंकडे फितरा लागतो, ईदच्या दिवस-रात्रीच्या खाण्यापुरतं ठेवून जास्त उरत असेल तर.

राहिल्या कामाच्या मावशी. त्या मुसलमान असतील आणि गरजू असतील तर जकात द्या, फक्त ती पगारात, बोनसमध्ये किंवा ईदच्या ठरलेल्या बक्षिशीत वळती करू नका. त्यांचा हक्क तो वेगळा, जकात वेगळी. त्या मुसलमान नसतील तर जकात नाही, पण सदका हवा तेवढा देता येतो, आणि व्याजाचे ते 17 हजारही त्यांना गरज असेल तर देता येतात.